रंग सांभाळायचे कुणी?

संगणकाच्या लेखी लाल रंग म्हणजे तीन आकडे: २५५, ०, ०. हा लाल कुंकवाचा की टोमॅटोचा, हे त्या आकड्यांत कुठेच लिहिलेलं नसतं. स्वस्त लॅपटॉपच्या पडद्यावर तो फिका, नारिंगीकडे झुकलेला दिसतो. जास्त रंग दाखवू शकणाऱ्या महागड्या ‘वाइड गॅमट’ मॉनिटरवर तेच आकडे डोळ्यांत खुपतील इतके भडक होतात. ऑफसेटवर मॅजेंटा आणि पिवळ्या शाईतून कागदावर उतरताना त्यांचं तिसरंच काही होतं. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ केलेल्या कुणालाही हे सांगायला नको. पडद्यावर पसंत केलेला रंग छापून आला की ओळखू येत नाही. मग मशीनशेजारी उभं राहून शाई कमी-जास्त करून घ्यायची आणि वेळ संपली की ‘चालेल’ म्हणून सही करायची.

यावरचा उपाय जुना आहे. माणसाच्या डोळ्याला दिसणारे रंग आकड्यांत मोजायची पद्धत सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९३१ सालीच ठरवून दिली. उपकरण कोणतंही असो, त्याच्या आकड्यांचा या सामाईक मापाशी संबंध काय, हे मोजून एका फाइलमध्ये लिहायचं. ती फाइल म्हणजे प्रोफाइल. कॅमेऱ्याची प्रोफाइल, पडद्याची प्रोफाइल, छापखान्यातल्या शाई-कागदाची प्रोफाइल. एका उपकरणावरून दुसऱ्याकडे चित्र जाताना आकडे बदलायचे, म्हणजे रंग तोच राहतो. १९९३ साली अ‍ॅडोबी, अ‍ॅगफा, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट, सिलिकॉन ग्राफिक्स, सन आणि टॅलिजंट या आठ कंपन्यांनी एकत्र येऊन या फाइलचा सामाईक आराखडा ठरवायला आयसीसी ही संघटना काढली. अ‍ॅपलने त्याच वर्षी कलरसिंक आणलं. तेव्हापासून मॅक वापरणाऱ्या चित्रकार-छायाचित्रकारांना ही सोय यंत्रासोबतच मिळत आली आहे.

लिनक्स आणि त्याच्या आसपासच्या ओपन सोर्स डेस्कटॉपवर मात्र हा विषय तीस वर्षं भिजत घोंगड्यासारखा पडून राहिला. तो का राहिला, आता कुठवर आला आहे आणि काय उरलं आहे, याचा हा आढावा आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. इथे गणित कधी कमी पडलं नाही आणि मेहनतही कमी पडली नाही. अडलं ते एका प्रश्नावर: रंग सांभाळण्याची जबाबदारी प्रत्येक प्रोग्रॅमची की डेस्कटॉपची?

आश्चर्य वाटेल, पण खुल्या जगात ही समज कलरसिंकच्याही आधी पोचली होती. सप्टेंबर १९९१ मध्ये, पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीची ‘एक्स ११ आर ५’ ही आवृत्ती आली, तिच्यात ‘एक्ससीएमएस’ नावाची सोय होती. टेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या कामावर उभारलेल्या या सोयीमुळे एखादा प्रोग्रॅम पडद्याच्या आकड्यांऐवजी सीआयईच्या मापात रंग मागू शकत होता. ती जवळपास कुणीच वापरली नाही. ज्या प्रोग्रॅमला हवी असेल त्याने ती मुद्दाम मागायची होती, आणि मागणारे निघाले नाहीत. पुढच्या तीस वर्षांत हेच पुन्हा पुन्हा घडलं.

अवजारं तर उत्तम होती. स्पेनच्या मार्टी मारिया यांनी १९९८ मध्ये ‘लिटल सीएमएस’ हे छोटंसं, वेगवान ग्रंथालय (इतर प्रोग्रॅमांना वापरता येणारी लायब्ररी) लिहिलं. प्रोफाइल वाचून रंगांचे आकडे बदलायचं काम ते इतकं नेटकं करतं की गिंप, क्रिटा, स्क्रायबस, डिजिकॅम या चित्रं, फोटो आणि पानांच्या मांडणीच्या सगळ्या प्रोग्रॅमांनी ते घेतलं. २०१० मध्ये पोस्टस्क्रिप्ट-पीडीएफ वाचणाऱ्या घोस्टस्क्रिप्टनेही आपली जुनी व्यवस्था टाकून तेच स्वीकारलं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅम गिल यांचं ‘आर्गिल सीएमएस’ म्हणजे पडदा आणि प्रिंटर मोजून प्रोफाइल तयार करणाऱ्या अवजारांची पेटी. बाजारातल्या महागड्या सॉफ्टवेअरला ते अचूकतेत हार जात नाही, आणि विंडोज-मॅकवरचे जाणकारही ते आवर्जून वापरतात. स्क्रायबसमधून छापखान्याला चालेल अशी पीडीएफ-एक्स फाइल कित्येक वर्षांपासून काढता येते. २००७ मध्ये गिंपच्या २.४ आवृत्तीत रंगव्यवस्थापन आलं. म्हणजे एकेका प्रोग्रॅमपुरतं बघितलं तर चित्र समाधानकारक होतं.

पण हे प्रोग्रॅम एकत्र बसवणारं काही नव्हतं. प्रत्येकात वेगळी सेटिंग, प्रत्येकात पडद्याची प्रोफाइल हाताने निवडायची. पडद्याला बसवलेली प्रोफाइल कुठली, हे एक्सच्या एका ठरावीक खुणेखाली ठेवायचा संकेत पुढे रूढ झाला, म्हणजे निदान सगळ्यांना एकच माहिती मिळेल. ती वाचायची की नाही हे तरीही प्रोग्रॅमवरच होतं. गिंपमध्ये फोटो बरोबर दिसायचा. तोच फोटो फाइल व्यवस्थापकाच्या छोट्या चित्रात वेगळा, डेस्कटॉपच्या पार्श्वभूमीवर आणखी वेगळा. दोन मॉनिटर जोडले की गोंधळ दुप्पट, कारण अर्धी खिडकी एका पडद्यावर आणि अर्धी दुसऱ्यावर असेल तर प्रोग्रॅमने कुठली प्रोफाइल लावावी?

ब्राउझरचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. फायरफॉक्स ३ मध्ये, म्हणजे २००८ साली, रंगव्यवस्थापन आलं ते बंद ठेवून. पुढच्या वर्षी ३.५ आवृत्तीत ते चालू झालं, पण ज्या चित्रात प्रोफाइल जोडलेली आहे तेवढ्यापुरतंच. पानाची पार्श्वभूमी, बटणं आणि प्रोफाइल नसलेली चित्रं कच्च्या आकड्यांनीच रंगवली जात. वाइड गॅमट मॉनिटरवर याचा परिणाम असा, की एका साडी विक्रेत्याच्या पानावर प्रोफाइल असलेल्या फोटोतला राणी रंग योग्य दिसेल आणि त्याच रंगाची म्हणून दिलेली चौकट त्याहून कितीतरी भडक. गिऱ्हाईक कशावर विश्वास ठेवणार? दोष ब्राउझर लिहिणाऱ्यांचा नव्हता. खालची प्रणाली काही सांभाळत नसली की वरचा प्रत्येक जण आपल्यापुरती तडजोड करतो, आणि त्या तडजोडी एकमेकींशी जुळत नाहीत.

मराठी वाचकाला हे देवनागरीच्या अनुभवावरून चटकन कळेल. एक काळ असा होता की जोडाक्षर नीट दिसेल की नाही हे प्रोग्रॅमगणिक बदलायचं. एकात ‘क्ष’ बरोबर, दुसऱ्यात पाय मोडलेला, तिसऱ्यात वेलांटी भलत्याच अक्षरावर. पँगो आणि हार्फबझसारखी सामाईक ग्रंथालयं सगळ्यांच्या खाली आली आणि हा प्रश्न सगळ्यांसाठी एकदमच सुटला. आज कुठलाही प्रोग्रॅम लिहिणारा माणूस मराठीचा विचार न करताही मराठी बरोबर दाखवतो. रंगालाही अशीच सामाईक जागा हवी होती.

ती जागा कोणती, हे काही जणांनी फार आधी ओळखलं होतं. जर्मनीतल्या काई-उवे बेहर्मान यांनी ‘ओइरानोस’ ही व्यवस्था उभी केली. डेस्कटॉपभरच्या रंगांची धोरणं, प्रोफाइल आणि उपकरणं एका ठिकाणी आणायचा तिचा हेतू होता. तिच्याच जोडीला ‘कॉम्पआयसीसी’ हे कंपिझ या खिडकी-व्यवस्थापकाचं जोडउपकरण आलं. त्यात सबंध पडद्याचे रंग ग्राफिक्स कार्डाकरवी दुरुस्त व्हायचे. कुठल्याच प्रोग्रॅमला काही करावं लागत नव्हतं. ज्याला स्वतःचे रंग स्वतः सांभाळायचे आहेत त्याने फक्त ‘एवढ्या भागाला हात लावू नका’ असं सांगायचं. आज आपण जिथे पोचतो आहोत त्याची ही जवळपास संपूर्ण रूपरेषा होती, आणि ती दीड दशक आधी चालवून दाखवलेली होती. मात्र ओइरानोसची मांडणी भारी होती, शिकायला वेळ लागायचा. कंपिझ मागे पडलं आणि मोठ्या डेस्कटॉपांनी आपापले कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या एकत्र करून पडदा रचणारे प्रोग्रॅम, लिहिले. त्यांपैकी कुणीही ही कल्पना आपल्या गाभ्यात घेतली नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी हुकलेली संधी ही.

लिनक्सच्या वितरणांमध्ये, म्हणजे फेडोरा-डेबियनसारख्या तयार संचांमध्ये, प्रत्यक्ष पोचलं ते दुसरंच काम. इंग्लंडच्या रिचर्ड ह्यूज यांनी २००९ च्या अखेरीस ग्नोम या डेस्कटॉपसाठी ग्नोम कलर मॅनेजर सुरू केला आणि त्यातून पुढे ‘कलर्ड’ ही पार्श्वभूमीला चालणारी छोटी सेवा वेगळी काढली. तिचं काम मोजकं: हे उपकरण, ही त्याची प्रोफाइल, ही नोंद ठेवायची आणि विचारेल त्याला सांगायची. सप्टेंबर २०११ मध्ये ग्नोम ३.२ च्या सेटिंग्जमध्ये ‘रंग’ हे पान आलं. लिनक्सचा नेहमीचा वापर करणाऱ्या माणसाला रंगव्यवस्थापन हा शब्द प्रथमच आपल्याच सेटिंग्जमध्ये दिसला. केडीई या दुसऱ्या मोठ्या डेस्कटॉपसाठी डॅनियल निकोलेटी यांनी याच सेवेवर आधारलेलं कलर्ड-केडीई लिहिलं. ह्यूज तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी ‘कलरहग’ नावाचा कलरीमीटर तयार केला. त्याचं सर्किट, आतलं सॉफ्टवेअर, सगळं खुलं. पडदा मोजायचं यंत्र परवडत नाही आणि असलं तरी लिनक्सवर चालत नाही, ही तक्रार त्यांनी स्वतः यंत्र बनवून सोडवायला घेतली.

ओइरानोस मोठा विचार घेऊन बाजूला राहिला आणि कलर्ड छोटा विचार घेऊन घराघरांत पोचला. यात कलर्डची निवड चुकली असं मी म्हणणार नाही. पोचणं हेही मोलाचं असतं. पण कलर्डनेही रंग बदलण्याचं मूळ काम प्रोग्रॅमवरच सोडलं, ही मर्यादा त्यातून सुटली नाही.

कलर्डचा एक निर्णय धाडसी होता. प्रोफाइल नसेल तर मॉनिटर स्वतःबद्दल जी माहिती संगणकाला कळवतो, ईडीआयडी म्हणतात ती, तिच्यातून प्रोफाइल आपोआप तयार करायची. वापरणाऱ्याने काही न करता काहीतरी मिळावं, ही दृष्टी योग्यच. पण अनेक उत्पादक ही माहिती निष्काळजीपणे भरतात. मग असं व्हायचं की चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पांढरा कागद पिवळट दिसतोय आणि इतरत्र ठीक. गोंधळलेला माणूस रंगव्यवस्थापन बंद करून मोकळा व्हायचा. आपोआप मिळणारी गोष्ट चुकीची असली की लोकांचा त्या विषयावरचाच विश्वास उडतो.

आता एका लहानशा जागेत डोकावू. एक्सच्या काळात ग्राफिक्स कार्डात एक तक्ता असायचा. लाल, हिरवा, निळा यांना प्रत्येकी साधारण २५६ घरं. आत आलेला आकडा कुठल्या आकड्यात बदलून पडद्याकडे जाईल, ते त्यात लिहिलेलं. पडदा मोजून केलेली दुरुस्ती याच तक्त्यात भरली जायची. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडदा पिवळसर करणारे रेडशिफ्टसारखे प्रोग्रॅमही याच तक्त्यात लिहायचे. खेळ सुरू झाला की त्याची उजळपणाची पट्टी पुन्हा तिथेच. शेवटी जो लिहील त्याचं खरं. संध्याकाळी पडदा पिवळा झाला, सकाळी पूर्ववत झाला, आणि तासभर खपून केलेलं कॅलिब्रेशन मधल्या मध्ये पुसलं गेलं. कुणी कळवलंही नाही. ग्नोम ३.२४ मध्ये, २०१७ साली, ‘नाइट लाइट’ आलं ते कॅलिब्रेशन लावणाऱ्या त्याच घटकात, त्यामुळे दोन्हींचा गुणाकार करून एकच तक्ता भरला जाऊ लागला. दुरुस्ती छोटीच, पण तिने नेमकं दाखवून दिलं की एकाच्या ताब्यात दिलं की भांडण मिटतं.

वेलँडचं सगळं गणित याच तत्त्वावर बसवलेलं आहे. एक्सची जागा घेण्यासाठी क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये ते सुरू केलं. वेलँडमध्ये प्रोग्रॅम आपली खिडकी रंगवून कंपोझिटरच्या हवाली करतो. पडद्यावर शेवटी काय उमटेल ते फक्त कंपोझिटर ठरवतो. दुसऱ्याच्या तक्त्यावर परस्पर लिहिण्याची मुभा त्याच्या मूळ रचनेत नाही. रंगासाठी यापेक्षा चांगली जागा नाही, कारण कुठली खिडकी कुठल्या पडद्यावर किती आहे हे कंपोझिटरलाच ठाऊक असतं. अडचण अशी झाली की जुनी वाट बंद झाली आणि नवी वर्षानुवर्षं उघडलीच नाही. फेडोराने २०१६ मध्ये वेलँड मुख्य केलं. त्यानंतर कितीतरी काळ वेलँडवर फार तर कॅलिब्रेशनचा तक्ता लावला जाई. प्रोग्रॅमने ‘माझे आकडे या रंगावकाशातले, म्हणजे अमुक मापातले आहेत’ असं सांगायची सोयच नव्हती. रंगाचं काम करणारे लोक एक्सलाच चिकटून राहिले, आणि ते आडमुठेपणाने नव्हे.

मग हालचाल कशाने झाली? छायाचित्रकार आणि छपाईवाले पंधरा वर्षं मागत होते, पण जोर आला तो एचडीआरमुळे. जास्त उजळ, जास्त खोल रंगांचे चित्रपट आणि खेळ घराघरांतल्या पडद्यांवर आले. साध्या चित्रात सर्वांत पांढरा म्हणजे पडदा देईल तितका उजळ एवढंच ठरलेलं असतं. एचडीआरच्या पीक्यू पद्धतीत आकड्याचा अर्थ प्रत्यक्ष उजेडाच्या एककात, दहा हजार निट्सपर्यंत, बांधून दिलेला असतो. एकाच डेस्कटॉपवर शेजारी-शेजारी एक खिडकी अशी आणि एक तशी असेल, तर कुणीतरी दोन्हींचा मेळ घालायलाच हवा. इथे ‘ज्याचं त्याने बघावं’ म्हणून भागतच नाही. २०१९ मध्ये क्रिटाने एचडीआरमध्ये चित्र काढायची सोय आणली ती इंटेलच्या मदतीने आणि फक्त विंडोज १० साठी. जन्माने लिनक्सच्या असलेल्या या प्रोग्रॅमला आपल्या घरी ते करता येत नव्हतं. ही गोष्ट अनेकांना लागली असणार.

वाल्व्ह कंपनीने स्टीम डेक हे हातातलं खेळयंत्र लिनक्सवर उभं केलं आणि २०२३ च्या अखेरीस त्याची ओलेड, एचडीआर आवृत्ती आणली. त्यासाठी गेमस्कोप हा कंपोझिटर आणि एएमडीचा ड्रायव्हर यांत रंगांची बरीच नवी कामं झाली. इगालिया कंपनीच्या मेलिसा वेन आणि वाल्व्हसाठी काम करणारे जोशुआ अ‍ॅश्टन यांची नावं त्यात घ्यायला हवीत. रंग बदलण्याचं काम ग्राफिक्सच्या मुख्य भागाला दर फ्रेममागे करायला लावलं तर बॅटरी खर्च होते. पडद्याकडे जाणाऱ्या वाटेवरच त्यासाठी खास बसवलेले छोटे विभाग असतात, पण ते प्रत्येक उत्पादकाचे निराळे. कर्नलमध्ये २०१६ पासून त्यांतल्या तीन सोप्या पायऱ्या खुल्या होत्या. बाकीच्यांना सामाईक रूप देणं फार जिकिरीचं ठरलं. एप्रिल २०२३ मध्ये ब्रनो इथल्या रेड हॅटच्या कार्यालयात आणि २०२४ मध्ये स्पेनमधल्या आ कोरुन्या इथे इगालियाकडे कर्नल, कंपोझिटर आणि ड्रायव्हर लिहिणारे लोक समोरासमोर बसले, तेव्हा या कामाला वेग आला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केडीईचा प्लाझ्मा ६ आला आणि त्यात पडद्यागणिक आयसीसी प्रोफाइल कंपोझिटरकडूनच लागू व्हायला लागली. काही न सांगणारा प्रोग्रॅम एसआरजीबी मानायचा आणि पडद्याला साजेसा बदलून दाखवायचा, हे धोरण झावर हुगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्षात आणलं. वाइड गॅमट मॉनिटरवर सबंध डेस्कटॉप भडक दिसण्याचा जुना रोग अशा रीतीने मुळातच बरा होतो. एसआरजीबी हे एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलेलं, साध्या मॉनिटरांवर बेतलेलं माप. १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. जगातली बहुतेक चित्रं याच मापात असल्याने ‘काहीच सांगितलं नाही तर एसआरजीबी’ हा नियम शहाणपणाचा आहे.

आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, पाचेक वर्षांच्या चर्चेनंतर, वेलँडचा रंगव्यवस्थापनाचा सामाईक प्रोटोकॉल अधिकृत संचात दाखल झाला. सेबास्टियन विक आणि कोलाबोरा कंपनीचे पेक्का पालानेन यांनी त्यावर घेतलेल्या कष्टांना तोड नाही. पालानेन यांनी तर इतरांना समजावं म्हणून रंगशास्त्राची ओळख करून देणारं लिखाणही सोबत केलं. आता प्रोग्रॅम आपल्या खिडकीतल्या आकड्यांचा अर्थ आयसीसी फाइल देऊन किंवा मोजक्या आकड्यांतून कळवू शकतो, आणि कंपोझिटर त्याला उलट सांगू शकतो की या पडद्यावर अमुक प्रकारचं चित्र सर्वांत चांगलं दिसेल. पुढच्याच महिन्यात ग्नोम ४८ मध्ये एचडीआरची सेटिंग आली. प्रोग्रॅम ज्यांवर बांधले जातात त्या संचांपैकी क्यूटीमध्ये रंगावकाशाची समज २०१९ पासून होती. जीटीके ४ मध्येही अलीकडे ती आली.

हे सगळं वाचून काम झालं असं वाटेल. तसं नाही, आणि एका बारीक उदाहरणावरून ते दिसतं. एसआरजीबीच्या मानकात गडद भागासाठी एक सरळ रेषेचा तुकडा आहे आणि पुढे वक्र. प्रत्यक्षातले मॉनिटर मात्र बहुतेक साधा २.२ चा वक्र पाळतात. मग कंपोझिटरने ‘एसआरजीबी’चा अर्थ कोणता घ्यायचा? फरक फक्त सावलीतल्या छटांत पडतो, पण रात्रीच्या दृश्यात काळ्या केसांतला तपशील दिसेल की राखाडी धुकं दिसेल, हे त्यावरच ठरतं. केडीईने २.२ चा पक्ष घेतला. वाद इतका झाला की प्रोटोकॉलच्या पुढच्या आवृत्तीत हे संदिग्ध नावच वापरातून बाद करायचं ठरलं. तीस वर्षं जुन्या मानकाबद्दलही जाणकारांचं एकमत नसेल, तर ते प्रत्येक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या डोक्यावर टाकणं किती अन्यायाचं होतं हे लक्षात येतं.

चित्रपटाच्या जगाने स्वतःची वेगळी वाट काढली आहे, तिचा उल्लेख करून पुढे जातो. सोनी पिक्चर्स इमेजवर्क्सने २०१० मध्ये ओपनकलरआयओ खुलं केलं आणि ब्लेंडरने २०१२ मध्ये ते घेतलं. तिथे कामाचं एकक उपकरण नसून दृश्यातला उजेड असतो. आयसीसीचं जग आणि हे जग यांना जोडणारा पूल अजून कच्चा आहे.

उरलेल्या कामांत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते मोजमाप. प्रोफाइल लागू करायची सोय झाली, पण ती प्रोफाइल येणार कुठून? पडदा मोजताना कंपोझिटरची दुरुस्ती पूर्ण बाजूला ठेवून कच्चे आकडे पडद्यावर जायला हवेत. वेलँडमध्ये हे मागायची सर्वमान्य पद्धत अजून रुळलेली नाही. प्रोफाइल हाताने काढून टाकायची, मोजायचं, पुन्हा लावायची, अशी आडवाट काढावी लागते. ग्रॅम गिल यांनी हा आक्षेप फार आधी आणि फार आग्रहाने मांडला होता. रंग दाखवणारे आणि रंग मोजणारे यांना एकाच वेळी खूश करणं अवघड आहे हे खरं, पण मोजल्याशिवाय दाखवणं म्हणजे अंदाजच.

मोजणाऱ्या यंत्रांचाही प्रश्न आहेच. कलरीमीटर विकणाऱ्या कंपन्यांनी लिनक्सकडे क्वचितच लक्ष दिलं. गिल यांनी स्वतः शोधून, तपासून एकेक यंत्र चालवून दाखवलं. स्पायडर २ या यंत्राला चालू होण्याआधी त्याच्या मेंदूतला प्रोग्रॅम बाहेरून भरावा लागतो, आणि तो मिळायचा फक्त कंपनीच्या विंडोजच्या सीडीत. आर्गिलमध्ये ती सीडी वाचून तेवढा भाग काढून घेणारी आज्ञाच दिलेली आहे. वेगवेगळ्या जातींच्या पडद्यांसाठी यंत्राला लागणारे दुरुस्तीचे तक्तेही असेच उत्पादकाच्या संचातून काढावे लागतात. ज्याने यंत्राचे पैसे मोजले त्याला इतकी खटपट का करावी लागावी?

आर्गिलच्या आज्ञा टंकणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून फ्लोरियान ह्योख यांनी त्यावर डिस्प्लेकॅल हा दर्शनी प्रोग्रॅम लिहिला आणि तो जगभर वापरला गेला. तो पायथन २ मध्ये होता. २०२० च्या जानेवारीत पायथन २ चा आधार संपला, वितरणांनी तो काढून टाकला आणि त्यासोबत डिस्प्लेकॅलही गेलं. पुढे दुसऱ्या स्वयंसेवकांनी ते पायथन ३ मध्ये आणलं म्हणून वाचलं. लिटल सीएमएस, आर्गिल, डिस्प्लेकॅल, कलर्ड: प्रत्येक ठिकाणी मुख्य भार एकाच माणसावर आहे किंवा होता. या क्षेत्राबद्दल मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

छपाईच्या बाजूला प्रगती कमी आहे. कप्स या लिनक्सवरच्या छपाई-व्यवस्थेत प्रिंटरची प्रोफाइल जोडता येते, ओपनप्रिंटिंगच्या टिल काम्पेटर यांनी सारी छपाई पोस्टस्क्रिप्टवरून पीडीएफवर आणली आणि कलर्डशी गाठही घातली. तरी प्रोग्रॅमनेही रंग बदलायचे आणि ड्रायव्हरनेही पुन्हा बदलायचे, हा दुहेरी दुरुस्तीचा घोळ आजही होतो. त्यात आता ड्रायव्हरशिवाय छापणारे प्रिंटर आले. ते एसआरजीबी घेतात आणि आत काय करतात ते सांगत नाहीत. घरच्या फोटोंना ते पुरेल, प्रूफ काढणाऱ्याला नाही. गिंपने मार्च २०२५ च्या ३.० आवृत्तीत छपाईच्या शायांच्या सीएमवायके रंगांचा अंदाज पडद्यावर दाखवायची सोय सुधारली, ही आपल्याकडच्या मासिकं-पुस्तकांचं काम करणाऱ्यांसाठी चांगली बातमी आहे. पण पुण्या-मुंबईतल्या डीटीपी केंद्रांत कोरलड्रॉ आणि फोटोशॉप सोडून लिनक्सवर यायचं तर केवळ रंगाने भागणार नाही. जुन्या फाँटांत अडकलेला मजकूर हा तितकाच मोठा अडसर आहे.

मालकीहक्कांबद्दलही लिहायला हवं. अ‍ॅडोबीच्या प्रोफाइल फुकट मिळत असल्या तरी वितरणांनी त्या मुक्तपणे वाटाव्यात अशा अटींवर मिळत नाहीत. म्हणून डेबियनला मुक्त आणि अमुक्त प्रोफाइलांची वेगवेगळी पाकिटं करावी लागली आणि लोकांनी त्याच गुणांच्या नव्या प्रोफाइल तयार केल्या. २०२२ च्या अखेरीस पँटोन रंगांसाठी वेगळं शुल्क न भरणाऱ्यांच्या अ‍ॅडोबी फाइलांमध्ये ते रंग काळे दिसू लागले, तेव्हा रंगाच्या नावावरही मालकी असते हे सर्वांना कळलं. फ्रायेफार्बे या युरोपीय संघटनेने खुल्या परवान्यावर रंगांचा एचएलसी नकाशा दिला आहे आणि स्क्रायबसमध्ये तो वापरता येतो. अशा कामांना मिळायला हवी तितकी दाद मिळालेली नाही.

विंडोजनेही ही जबाबदारी वर्षानुवर्षं प्रोग्रॅमवरच टाकली होती. सबंध डेस्कटॉपचे रंग आपोआप सांभाळायची सोय तिथे विंडोज ११ मध्ये, २०२२ साली आली, तीही ठरावीक पडद्यांसाठी. त्यामुळे लिनक्स फार मागे राहिला असं म्हणणं आता बरोबर नाही. उलट प्रोटोकॉलची मांडणी उघड्यावर, सगळ्यांच्या आक्षेपांना उत्तर देत झाली असल्याने ती जास्त पक्की आहे, असं माझं मत आहे.

मात्र ‘रंगव्यवस्थापन आलं’ असं मी तेव्हाच म्हणेन, जेव्हा नव्याने बसवलेल्या डेस्कटॉपवर, एकाही सेटिंगला हात न लावता, वाइड गॅमट मॉनिटरवर साधा फोटो सगळ्या प्रोग्रॅमांत सारखा दिसेल. मोजलेली प्रोफाइल बसवणं दोन क्लिकांचं काम असेल. आणि प्रिंटरला तोच रंग एकदाच बदलून जाईल. यातली पहिली अट प्लाझ्मावर बऱ्याच अंशी पुरी होते आहे. दुसरी अर्धवट आहे, तिसरी दूर.

लिनक्स वापरणाऱ्या मराठी चित्रकार, छायाचित्रकार, अंक आणि पुस्तकं करणाऱ्यांना एक विनंती. एक कलरीमीटर एका माणसासाठी महाग असतो, पण तो पडद्यावर जेमतेम अर्धा तास लागतो आणि मग कपाटात पडून राहतो. आपल्या शहरातल्या लिनक्स गटाने मिळून एक घ्यावा, आळीपाळीने सगळ्यांचे पडदे मोजावेत आणि दर काही महिन्यांनी पुन्हा मोजावेत. मोजताना जे अडेल ते इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी केडीईच्या, ग्नोमच्या लोकांना लिहून कळवावं, आपला पडदा कुठला आणि यंत्र कुठलं हे नोंदवून. ज्या मोजक्या माणसांनी हे काम इथवर आणलं, त्यांच्याकडे जगातला प्रत्येक मॉनिटर नसतो. तो आपल्या टेबलावर असतो.